ऐब कुणाला दिसावा?

आठवीच्या वर्गात साध्या यंत्रांचा धडा चालू होता. तरफ, कप्पी, उतरण ही मंडळी फळ्यावर काढून मी मागे वळलो, तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, जी गाडी बिघडतच नाही ती चांगली, का जी बिघडली तर कुठेही दुरुस्त होते ती चांगली?" वर्ग हसला. मुलगा हसला नाही. त्याच्या मामूंचे गॅरेज आहे आणि रविवारी तो तिथे पाने पुसायला, नट-बोल्ट निवडायला जातो, हे मला ठाऊक होते. मी घाईत उत्तर दिले, "जी बिघडत नाही ती." घंटा झाली, मुले पांगली. पण दिलेले उत्तर मलाच पटेना.

वरवर पाहिले तर हा गाड्यांचा प्रश्न. थोडे खोल गेले की तो भरवशाचा प्रश्न होतो. आपण भरवसा ठेवतो तो नेमका कशावर? वस्तूवर, ती बनवणाऱ्यावर, की ती बंद पडल्यावर मदतीला येणाऱ्या माणसावर? उर्दूत आपण एतबार म्हणतो. एतबार माणसावर ठेवायचा असतो. तो लोखंडावर ठेवता येतो का, हे मला अजून नीट कळलेले नाही.

माझ्या लहानपणी बडे अब्बांकडे एक जुनी गाडी होती. सोलापूरहून गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाजांच्या उरुसाला निघायचे म्हणजे आदल्या रात्रीपासून तयारी. बायकांची तयारी तोशाची, बडे अब्बांची डिकीची. पाण्याचा डबा, जादा फॅन बेल्ट, दोन प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा, तारेचे भेंडोळे आणि एक जुने फडके. फडके पेट्रोल पंपावर ओले करून घालायला. उन्हाळ्यात पाइपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिन गप्प व्हायचे; तेव्हा गाडीच्या त्या पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे झाडाखाली बसायचे, हाच इलाज. अक्कलकोट ओलांडले की बडी अम्मी तस्बीह हातात घ्यायची, ती गुलबर्गा दिसेपर्यंत खाली ठेवत नसे. एकदा आळंदच्या अलीकडे गाडी थांबली ती हलेना. ट्रॅक्टर घेऊन चाललेला एक शेतकरी उतरला. त्याने डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढले, पॉइंट पाहिला, आमच्याच पॉलिश पेपरने घासला, काडेपेटीच्या जाड कागदाने फट मोजली आणि म्हणाला, मारा सेल्फ. गाडी सुरू झाली. पैसे घेतले नाहीत. आमच्या तोशातल्या दोन पोळ्या आणि अंडी मात्र आनंदाने खाल्ली.

हा प्रसंग आमच्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला आहे की तो आता एक प्रकारची मनकबत झाला आहे. पण मी शिक्षक आहे, आणि अर्धी गोष्ट सांगणे हेही एक प्रकारचे खोटेच. उरलेली अर्धी अशी की त्याच रस्त्यावर आम्ही दोनदा रात्र काढली. बायका-मुले उघड्या माळावर, आणि मदतीला कुणीही नाही. बडी अम्मीला बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात न्यायचे होते तेव्हा गाडीने ऐनवेळी दगा दिला आणि तिला टांग्यातून न्यावे लागले, हे घरात कुणी कौतुकाने सांगत नाही. कुठेही दुरुस्त होणारी गाडी म्हणजे कुठेही बंद पडणारी गाडीही असते. आपण जुन्याची आठवण काढतो तेव्हा मदतीला आलेला शेतकरी आठवतो, तो न आलेली रात्र आठवत नाही.

जुन्या गाडीचा सांभाळ काय होता, हे आजच्या पोरांना सांगितले तर खोटे वाटेल. दर काही हजार किलोमीटरला प्लग काढून साफ करा, पॉइंटची फट नीट करा, सांध्यांना ग्रीस भरा, कार्बोरेटर खोलून जेट फुंका. हिवाळ्यात पहाटे चोक ओढा, तरी चार माणसांनी धक्का द्यायची तयारी ठेवा. लाखभर किलोमीटरच्या आसपास इंजिन खोलून बोअरिंगला टाकावे लागे आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. आज साध्या गाडीचा प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटर बिनतक्रार चालतो, ऑइल दहा हजाराला बदलले तरी भागते, आणि दोन लाख किलोमीटर झालेले इंजिन न खोललेले सापडते. ना एअरबॅग, ना एबीएस अशा त्या डब्यांत आपण घरची सारी माणसे कोंबून नेत होतो. आता चालकासाठीची एअरबॅग आणि एबीएस २०१९ पासून सक्तीचे आहेत. यात किती जीव वाचले असतील याचा हिशेब भाबड्या आठवणींत मांडला जात नाही.

आणखी एक गोष्ट. कंपन्यांनी केवळ नफ्यासाठी गाड्या गुंतागुंतीच्या केल्या असे आमच्या गॅरेजवाल्यांचे ठाम मत आहे. ते पूर्ण खरे नाही. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि २००० पासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. हा कन्व्हर्टर धुरातले विष कमी करतो, पण त्याची एक अट असते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे १४.७ भाग, हे प्रमाण सतत राखले गेले तरच तो नीट काम करतो. कार्बोरेटर हे गणित अंदाजाने करतो. थंडी, चढ, धुळीने भरलेला फिल्टर, कशानेही त्याचा अंदाज चुकतो. म्हणून धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला, तो वाचायला संगणक आला, संगणकाचे ऐकणारे इंजेक्टर आले. २०१० पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ अशी मानके कडक होत गेली, तसतसे सेन्सर वाढत गेले. कार्बोरेटर गेला तो कुणाच्या हावेपायी नव्हे. तो आपल्या मुलांच्या फुप्फुसांसाठी गेला. मिस्त्रीच्या पोटावर पाय आला हे खरे, पण ज्या धुराने तो पाय आणला तोच धूर मिस्त्री आयुष्यभर गिळत होता, हेही खरेच.

मग बिघडले कुठे? माझ्या मते यंत्र बदलले त्यात काही बिघडले नाही. यंत्राचे ज्ञान कुणाकडे राहते ते बदलले, तिथे बिघडले.

जुनी गाडी आपला ऐब लपवू शकत नसे. निळसर धूर म्हणजे रिंग गेली, ऑइल जळतेय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातेय. पांढरा धूर सुटतच राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले तर हेडचे गॅस्केट पाहा. वरून टकटक आली तर टॅपेट, खालून धडधड आली तर बेअरिंग. उस्ताद शागिर्दाला आधी कान द्यायला शिकवायचा, पाना नंतर हातात द्यायचा. नव्या गाडीत त्या जागी पिवळा दिवा आहे. इंजिनाच्या आकाराचा एवढासा दिवा. तो लागला की समजायचे, काहीतरी आहे. काय आहे ते गाडीला माहीत असते, मालकाला नसते. स्कॅनर लावला तर एक आकडा मिळतो, आणि कित्येक आकड्यांचा पूर्ण अर्थ, कित्येक भाग बदलल्यावर ते गाडीशी जुळवून देण्याची परवानगी, ज्याने गाडी बनवली त्याच्याच हातात.

मामूंच्या गॅरेजवर बसणारे एक बुजुर्ग यावर म्हणतात, "पूर्वी तरी गिऱ्हाइकाला काय कळायचे? मिस्त्री सांगेल तेच." त्यांचे म्हणणे चूक नाही. चांगला भाग काढून जुना बसवणारे, रिंग बदलली सांगून नुसते ऑइल बदलणारे मिस्त्री आमच्याच मोहल्ल्यात होऊन गेले. घरघर लपवायला गिअर बॉक्समध्ये जाड ऑइल भरून गाडी विकणारे दलालही होते. अज्ञानाचा फायदा घेणे हा संगणकाचा शोध नव्हे. फरक एवढाच की एका मिस्त्रीवर संशय आला तर पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्याला विचारता यायचे. तोही तेच इंजिन खोलून पाहू शकायचा. फसवणारा होता, पण फसवणूक तपासणाराही होता. दुसरे मत घेण्याची वाटच बंद झाली, तर प्रामाणिक माणूससुद्धा आपला प्रामाणिकपणा सिद्ध कसा करणार?

इथवर मी दुसऱ्यांबद्दल बोललो. आता स्वतःबद्दल बोलणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी मी माझी गाडी विकायला काढली. नऊ वर्षांची होती. पावसाळ्यात तिचा तो पिवळा दिवा लागायचा, इंजिन थोडे थरथरायचे, मग चार-आठ दिवस सारे ठीक. स्कॅनरवर दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर दिसे. प्लग बदलला, कॉइल बदलली, दिवा पुन्हा लागला. एका मोठ्या वर्कशॉपने संगणकच बदलावा लागेल असे सांगून ४८ हजारांचा अंदाज हातात दिला. तेव्हा मी विकायचे ठरवले. गाड्यांची खरेदी-विक्री करणारा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "सर, दिवा विझवून देतो. दोनशे रुपये." त्याने स्टिअरिंगखाली एक उपकरण लावले, दोन बटणे दाबली, दिवा गेला.

गिऱ्हाईक आले ते मोहोळकडचे एक निवृत्त एस.टी. कंडक्टर. वय साठीच्या पुढे. आयुष्य डेपोत गेलेले, त्यामुळे गाडी पाहण्याची त्यांची रीत जुनी. बॉनेट उघडून कान लावला. ऑइलचे झाकण काढून आतून बोट फिरवले. मागे जाऊन धुरापुढे तळहात धरला, हुंगला. चढावर चालवून पाहिली. मग म्हणाले, "सर, गाडी निरोगी आहे." मी मान हलवली. मग ते सहज बोलून गेले, "मालकिणीचं डायलिसिस आहे. सोमवार-गुरुवार सोलापूरला यावं लागतं. एस.टी.त बसवत नाही हो तिला आता." मी तेव्हाही काही बोललो नाही. पैसे मोजून घेतले.

पैगंबरांच्या चरित्रातला बाजारातला प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगतो. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला विचारले. मुलांना मी विचारतो, व्यापारी खोटे बोलला का? मुले म्हणतात, नाही सर, तो बोललाच नाही. मग त्याची चूक काय? ज्या वर्गात मी हे विचारतो त्या वर्गात दुसऱ्या दिवशी उभे राहणे मला जड गेले. कंडक्टरकाकांनी हात तर घातला होता. पण दोनशे रुपयांत माझ्या ढिगाची ओलच त्यांच्या बोटांना लागणार नाही अशी सोय झाली होती.

फिकहमध्ये खियार-ए-ऐब नावाचा हक्क आहे. विकत घेतलेल्या वस्तूत विक्रीपूर्वीचा लपलेला दोष निघाला, तर खरेदीदार ती परत करू शकतो. हक्क जुना आहे, पण तो दोष दिसण्यावर अवलंबून आहे. जो दोष फक्त यंत्राच्या पोटातल्या आकड्यात राहतो आणि तो आकडा पुसता येतो, तिथे हा हक्क बजावणार कोण? यावर आपल्या उलेमांनी आणि वकिलांनीही विचार करायला हवा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. गाणे-बजावणे हलाल की हराम यावर आपण जेवढा वेळ घालवतो त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी.

तिसऱ्या दिवशी मी मोहोळला गेलो. सगळे सांगितले. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "पैसे आणलेत?" आणले होते. त्यांनी ते मोजले नाहीत. म्हणाले, "आधी बघू काय निघतं." आम्ही गाडी घेऊन मामूंच्या गॅरेजवर आलो. मामू दहावी नापास. त्यांनी नुकताच हप्त्यावर स्कॅनर घेतला होता. पण त्यांनी आकडा पाहून भाग बदलला नाही. इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर नजर लावून, ते एकेक वायर हाताने हलवत गेले. दोन दिवस लागले. कॉइलकडे जाणारी एक वायर पत्र्याच्या कडेला घासून आतून उघडी पडली होती आणि पाऊस लागला की ओलसर व्हायची. अकराशे रुपये झाले. दरवेळी असे स्वस्तात सुटते असे नाही, काही वेळा संगणक खरेच गेलेला असतो. काकांनी गाडी ठेवली, अकराशे रुपये माझ्याकडून घेतले. पुढे रस्त्यात दिसले तर मान हलवतात, थांबत नाहीत. मला त्यांनी माफ केले का, हे विचारायचे धैर्य मला झालेले नाही.

माझा दोष मी यंत्रावर टाकत नाही. पण जे मी दोनशे रुपयांत केले, ते मोठ्या प्रमाणावर करणारेही निघाले. २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतला संगणक प्रदूषणाची चाचणी चालू असल्याचे ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचा. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही युक्ती होती. जुने इंजिन बिघडायचे, धूर सोडायचे. पण कोण बघतेय हे ओळखून वागणे त्याला जमत नव्हते.

आपल्याकडेही प्रश्न कायद्याच्या दारात गेला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात मिळू न देणे, हा आरोप. कंपन्या अपिलात गेल्या, ते साहजिकच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला होता. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. पण पोर्टल इंग्रजी वाचणाऱ्यासाठी. मामूंसाठी काय?

इथे मला अल-जझरी आठवतो. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला हा कारागीर. १२०६ मध्ये त्याने आपल्या ५० यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. पाण्याची घड्याळे, पाणी उपसायची यंत्रे, हत्तीचे घड्याळ. त्याच्या कल्पकतेचे कौतुक आपल्या जलशांतून पुष्कळ होते. मला मोठी वाटते ती वेगळी गोष्ट. कुठला भाग केवढा, कशाचा, कसा जोडायचा, हे त्याने आकृत्यांसह इतके बारकाईने लिहून ठेवले की सात-साडेसात शतकांनंतर लोकांनी त्यावरून ती यंत्रे पुन्हा उभी केली. सुलतानाच्या पदरी असलेल्या माणसाला आपले हुनर कोंडून ठेवता आले असते. तसे केले असते तर आज त्याचे नावही कुणी घेतले नसते.

हा प्रश्न आपल्या समाजाला इतरांपेक्षा जास्त चटका देणारा आहे. मुस्लिम कष्टकऱ्यांत स्वयंरोजगाराचे प्रमाण जास्त आहे आणि मोटार दुरुस्ती हा त्यांचा एक प्रमुख व्यवसाय आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले. त्यासाठी समितीची गरज नव्हती, कुठल्याही शहरातल्या गॅरेजच्या पाट्या वाचल्या तरी कळते. शाळेतून गळालेली आमची मुले तिथेच जातात. आजवर आम्ही शिक्षक सुस्कारा टाकून म्हणायचो, चला, हातात हुनर तरी आले. आता तसे म्हणता येत नाही. ज्या गाड्या अजून खोलता येतात त्या भंगारात चालल्या आहेत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे आयुष्य २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपले. विजेच्या गाडीत तर प्लग नाही, ऑइल नाही, क्लच नाही. आहे ती मोठी बॅटरी आणि तिच्यावर देखरेख करणारी प्रणाली. ती बिघडते कमी. बिघडली तर मामू काय करतील, याचे उत्तर मामूंकडे नाही.

पण मामूंनी दोन दिवस वायरी हलवताना जे केले, ते वर्कशॉपच्या अंदाजपत्रकात नव्हते. पी०१७१ असा आकडा आला तर त्याचा अर्थ एवढाच की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. नळी फाटली असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, पंप थकला असेल. आकडा दुखणे सांगतो, कारण सांगत नाही. कारण शोधायला पुन्हा कान, हात आणि डोके लागतेच. हे डोके आमच्या मुलांकडे आहे. त्यांच्याकडे नसते ती स्कॅनरवरची इंग्रजी आणि आकड्यांमागचे विज्ञान. ते देणे तर माझे काम होते.

त्या मुलाला मी काही महिन्यांनी पुन्हा बोलावले आणि सांगितले की माझे तेव्हाचे उत्तर अर्धवट होते. कमी बिघडणे चांगलेच, पण बिघडल्यावर ऐब सगळ्यांना दिसावा, हेही तितकेच महत्त्वाचे. त्याने ऐकून घेतले. फारसा प्रभावित झाला नाही. म्हणाला, "सर, ते मामूंच्या मशीनवर पी०४२० आलेय, त्याच्याखाली लिहिलेले वाचता येत नाही."

आता शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे एका दोनशे पानी वहीत बसतो. आकडा, त्याचा उर्दूत अर्थ, आणि कारणे किती असू शकतात ती. पहिल्याच पानावर घोळ झाला. उर्दू उजवीकडून लिहायची, आकडा डावीकडून. मजकूर कुठून सुरू करायचा यावर आमचे एकमत होईना. शेवटी त्यानेच तोडगा काढला. पानाच्या मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे आकडे, उजवीकडे उर्दू. आतापर्यंत ६३ झाले आहेत. मामूंनी वही ग्रीसच्या हातांनी उघडू नये म्हणून तिला प्लॅस्टिकचे कव्हर घातले आहे, पण दुसऱ्याच आठवड्यात त्यावर काळा अंगठा उमटला होता.